पाचोडच्या लारीचं पायदान

सासऱ्यांशी मी कधी बोलले नाही. आमच्या लोहारांत सून सासऱ्यापुढं आवाज काढत नाही. पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा आणि काही सांगायचंच असलं तर सासूच्या तोंडून सांगायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू वारलेली होती. नवरा जालन्याला जिनिंगात फिटर होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की जायचा, संपला की यायचा. पुढं पुढं हंगाम संपला तरी तिकडंच राहू लागला. घरात मामंजी आणि मी. मधलं माणूस कुणी नव्हतं.

काम मात्र दोघांनी मिळूनच करावं लागायचं. आमचं दुकान औरंगाबादेतून पडेगावकडं जाताना, छावणी मागं पडली की रस्त्याच्या कडेला होतं. भाता मी ओढायची, घणही मीच मारायची. मामंजी तापलेलं लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर आणायचे आणि टोला जिथं हवा तिथं लहान हातोड्यानं टिचकी मारायचे. मी तिथं घण घालायची. एक टिचकी म्हणजे जोरात, दोन म्हणजे हळू. हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की थांब. दिवसभर आमचं बोलणं एवढंच. संध्याकाळी ताट वाढून झालं की मी तांब्यावर बांगडी वाजवायची, ते जेवायला यायचे. सकाळी ते खोकले म्हणजे उठले.

कधी कधी मला वाटायचं, वापरला नाही तर माणसाचा आवाज जात असेल का. विहिरीवर जाताना वाटेत कुणी नसलं की मी हळूच काहीतरी म्हणून बघायची. पाटीवरची जुनी उजळणी, नाहीतर म्हशीचं नाव. आवाज असायचा. मग गप्प होऊन पाणी भरायची.

शेजारी नालबंदाचं घर होतं. नालबंद वारला होता, त्याच्या बायकोला सगळे चाची म्हणायचे. ती अर्धं मराठी अर्धं दखनी बोलायची, आणि आम्हां दोघांचं मिळून जेवढं बोलणं व्हायला हवं तेवढं एकटी बोलायची. मामंजींना काही सांगायचं असलं तर मी तिच्या कानात सांगावं, असं तीच मला म्हणायची. पण मला तेही जमत नसे. मीठ संपलं, एवढं सांगायलाही मी अर्धा दिवस घालवायची.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या पलीकडं राहणाऱ्या एका भाईंनी छावणीतून टाकून दिलेली जुनी लारी घेतली. पुढं दोघांपुरती जागा, मागं उघडा हौदा. पत्रा ठिकठिकाणी सडलेला आणि दारांखालची दोन्ही पायदानं गळून गेलेली. भाई लारी आमच्या दारात उभी करून म्हणाले की नवीन पायदानं करून द्या, दोन्ही बाजूंना लांब आणि मागं हौद्याला एक. बाजाराच्या दिवशी ते पाचोडला जाणार होते. सकाळी माणसं घेऊन जायचं, संध्याकाळी माणसं आणि मिरच्यांची पोती घेऊन यायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी मीठ-रॉकेल घेऊन परत पाचोड.

पाचोड म्हटल्यावर भात्यावरचा माझा हात थांबला. मामंजींनी ऐरणीवर टिचकी मारली तेव्हा मी पुन्हा ओढायला लागले.

पाचोड माझं माहेर. बाप गेला होता, भाऊ नव्हता. माय चुलत्याच्या घरी एका खोलीत राहायची. भाऊ नाही म्हणजे मुराळी नाही, आणि न्यायला मुराळी आल्याशिवाय सासुरवाशिणीनं आपल्या पायांनी उठून माहेरी जायचं नसतं. चुलते पहिल्या पंचमीला एकदा येऊन घेऊन गेले होते. पुढं त्यांना शेतातून सवड झाली नाही. मायनंच यावं म्हटलं तर तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. मी लहान असताना ती विहिरीच्या पायऱ्यांवर पडली होती, तेव्हापासून पाय लाकडासारखा ताठ. बैलगाडीत एवढा वेळ बसवत नसे. आधी एकदा ती कुणाच्या तरी लारीनं यायला निघाली होती. लारीला पायदान नव्हतं. चाकावर पाय देऊन चढायचं, ते तिला येईना. मग तिघा गड्यांनी बगलेत धरून वर ओढायला बघितलं. लुगडं वर सरकलं आणि हौद्यात बसलेली माणसं हसली. माय गाठोडं उचलून घरी परत गेली. बाजारातून आलेल्या एका बाईनं हे चाचीला सांगितलं आणि चाचीनं मला.

म्हणून हे पायदान झालं तर माय येईल, असं मला वाटायला लागलं. दुसरं काही मागावं असं माझ्याकडं नव्हतंच.

लढाईमुळं नवं लोखंड मिळत नव्हतं. मामंजींनी मोडक्या बैलगाड्यांच्या चाकांच्या धावा ठेवलेल्या होत्या. चाकाला घालतात ती लोखंडी पट्टी, ती धाव. गोल धाव तापवून सरळ करायची म्हणजे लोखंडाचा हट्ट मोडायचा. एवढी वर्षं चाकावर फिरलेलं लोखंड, एका बाजूला सरळ केलं की दुसरीकडं वळतं. आम्ही ते रोज थोडं थोडं करत होतो. दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मध्ये आडवे तुकडे रिबिटांनी बसवले. पाय घसरू नये म्हणून वरच्या अंगाला छिन्नीनं तिरके घाव घातले. जुनी पायदानं जिथं अडकवलेली होती तिथली भोकं लारीच्या सांगाड्याला होती. मामंजींनी ओल्या मातीचे गोळे त्या भोकांवर दाबून ठसे घेतले आणि ठशांवरून तापल्या लोखंडात सुंब्यानं नवी भोकं पाडली. बोल्ट घालायला गेले तेव्हा एकही अडला नाही.

चुकलं ते वेगळ्याच जागी. आमच्यात रीत अशी की ज्याची वस्तू, त्याच्या अंगाचं माप. नांगराची मूठ करायची तर शेतकऱ्याला उभं करून त्याच्या कमरेशी माप घ्यायचं. विळ्याची मूठ त्याच्या हाताची. मामंजींनी लारीचंही तसंच केलं. भाईंना म्हणाले, पाय उचला. भाई उंच माणूस. त्यांनी सहज पाय उचलला, मामंजींनी तिथं कोळशाची खूण केली. दारांखालच्या पायदानांना ते माप ठीक होतं, पुढं भाईच बसणार होते. पण मागच्या पायदानालाही त्यांनी तेच माप धरलं. मागं बसणार बाजारच्या बाया. त्यांचा पाय कोण मोजणार? परक्या बाईला पाय उचल म्हणायचं कसं, म्हणून ते कुणाच्या मनातच आलं नाही.

मागचं पायदान नुसतं अडकवून बघितलं त्या दिवशी मामंजी भाकरी खायला आत गेले, तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. माझ्या गुडघ्याच्याही वर येत होतं.

मायचा पाय किती उचलतो ते मला बरोबर माहीत होतं. ती पडल्यावर बापानं आमच्या ओट्यापुढं एक चपटा दगड बसवला होता. तो बसवताना खालची माती कमी-जास्त मीच करत होते आणि माय चढून बघत होती. शेवटी एक वीत आणि चार बोटांवर दगड ठेवला. एक बोट वाढलं तरी ती दाराची चौकट धरायची.

हे मामंजींना कसं सांगायचं? चौथीपर्यंत मी शिकले होते, लिहून ठेवता आलं असतं, पण त्यांना वाचता येत नव्हतं. चाचीला सांगायचं ठरवलं. ती आली, ओट्यावर बसली. मी तिला पाणी दिलं. ती लारीकडं बघून मामंजींना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगे लोहारणी, तुझ्या सासऱ्यानं ये घोड्यावर चढायला बनवलं काय? हमारे पायां का नाप कौन लिया?"

मामंजी मान वर न करता म्हणाले, "लोहार बायांचे पाय मोजीत नाय, चाची."

"हौ, मग बायांनी पंख लावून जायचं."

ती हसली, मामंजी हसले नाहीत. ती माझ्याकडं बघत राहिली, बोल म्हणून. मी राख भरायला आत गेले. ती उठून गेल्याचं कळलं तेव्हा बाहेर आले.

दुपारी आम्ही मागच्या पायदानाचे हात वळवायला घेतले. हे वळवून बोल्टांनी पक्के केले की ते तसंच राहणार होतं. लोखंड विस्तवात होतं, मी भाता ओढत होते. मामंजी पाठ करून सांडशी पुसत होते. भात्याला एक आवाज असतो, श्वास घेतल्यासारखा. त्या आवाजाच्या आड मी बोलले. मामंजींशी नाही, भात्याशी.

"भात्या, पाचोडला माझी माय हाय. तिचा एक पाय ताठ हाय. एक वीत चार बोटांच्या वर तिला चढता येत नाय."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. विहिरीच्या वाटेवरचा नव्हता तो. मी ओढतच राहिले. मामंजी वळले नाहीत. विस्तवातलं लोखंड लाल झालं, पिवळं झालं, पांढरं होऊन त्यातून ठिणग्या फुलायला लागल्या तरी त्यांनी ते काढलं नाही. त्यांच्या हातून लोखंड जळालेलं मी तेवढं एकदाच बघितलं. मग त्यांनी हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला आणि ते बाहेर रस्त्याकडं गेले.

मी घाबरले. संध्याकाळी बांगडी वाजवली, ते आले, जेवले, उठले. 

सकाळी पाणी घेऊन आले तर भात्यावर बांबूची एक कामटी ठेवलेली होती आणि तिच्या शेजारी कोळशाचा तुकडा. मामंजी दूर निंबाखाली दात घासत बसले होते, तोंड पलीकडं. मी कामटी जमिनीवर उभी धरली, एक वीत घातली, वर चार बोटं ठेवली आणि रेघ ओढली. मग वाटलं, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मायचा पाय आता आणखी जड झाला असेल. एक बोट कमी करून दुसरी रेघ ओढली आणि पहिली पुसून टाकली. कामटी परत भात्यावर ठेवली.

त्या दिवशी मामंजींनी जळालेल्या हातांच्या जागी नवे वळवले आणि मागचं पायदान आधीच्याच मापाला पक्कं केलं. ते खाली घेतलं तर तिथून हौदा उंच पडला असता, म्हणून त्याच्याखाली अडकवायचं दुसरं करायला घेतलं. त्याला वर दोन आकडे, खाली रुंद पाटी. झोपाळ्यासारखं हलू नये म्हणून मागं दोन पाय काढले, ते लारीच्या सांगाड्याला टेकायचे. कामटी ते जमिनीपासून पाटीला, पाटीपासून वरच्या पायदानाला आणि तिथून हौद्याला परत परत लावून बघत होते. मी घण मारत होते. जोरात, हळू, जोरात. आमच्या त्या बोलण्यात त्या दिवशी काही वेगळं नव्हतं. तरी मला ते वेगळं वाटत होतं.

झाल्यावर त्यांनी चाचीला हाक मारली. चढून बघा म्हणाले. चाची बुरखा सावरत म्हणाली, "चढती. गिरी तो लोहार उठाएगा क्या?" मामंजींनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. ती चढली, वरून मला म्हणाली, "आता तू." मी उजवा पाय ताठ ठेवून चढले. डाव्यानं चढायचं, उजवा मागून ओढून घ्यायचा, मायसारखा. कशालाही धरावं लागलं नाही. वर उभी राहिले आणि हौद्यातून आमचं घर बघितलं. केवढंसं होतं. भाता, ऐरण, चूल, सगळं एका नजरेत मावत होतं.

भाई लारी न्यायला आले तेव्हा ते खालचं पायदान बघून म्हणाले, "मिस्त्री, हे काय लटकवलं? नदीत दगडाला लागंल की."

"चालताना काढून हौद्यात टाकायचं," मामंजी म्हणाले. "थांबलं की अडकवायचं."

"एवढा खटाटोप कुणासाठी?"

मामंजींनी हात पुसले. मी दाराआड होते. मग ते एवढं बोलले जेवढं मी त्यांना एका दमात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"पाचोडच्या अड्ड्यावर एक म्हातारी येईल, तिला बाजारच्या बाईकडून निरोप धाडलाय. पाय ताठ हाय तिचा. लोहाराच्या इहीणबाई म्हणून विचारा. तिला कुणी हात लावायचा नाय, भाई. हे अडकवायचं न बाजूला उभं राहायचं. ती चढंल."

भाई हसले नाहीत. हौ म्हणाले.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी लारी आली. भाईंनी उतरून मागं पायदान अडकवलं आणि खरंच बाजूला झाले. आधी मायचा ताठ पाय खाली आला, पाटीवर टेकला, मग दुसरा. ती जमिनीवर उभी राहिली आणि तिनं आधी लुगडं सारखं केलं. केस सगळे पांढरे झाले होते.

मामंजींनी दुरूनच रामराम घातला आणि ते मारुतीच्या पारावर जाऊन बसले, आम्हांला घर मोकळं करून. मायनं गाठोडं सोडलं. त्यात तिच्या भाकरी होत्या आणि तोंड बांधलेला पाण्याचा तांब्या. लेकीला मूल झाल्याशिवाय आईनं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी चूल पेटवली होती. पिठलं केलं होतं. ते मी एकटीनं खाल्लं, माय तिच्या भाकरीवर कांदा ठेवून माझ्यासमोर बसून जेवली.

मला तिच्याशी बोलायचं होतं ते किती साठलेलं होतं. पण समोर बसल्यावर काय काढावं कळेना. तोंडाची सवयच गेली होती. तिची तर आधीपासून कमीच. ती म्हणाली, म्हैस विकली. मी म्हणाले, व्हय. मी म्हणाले, इथं विहीर लांब आहे. ती म्हणाली, दिसतंय. मग तिनं माझे हात ओढून घेतले, उलटे करून बघितले आणि घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिली. नवऱ्याचं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सकाळी ती ओट्यावर पाय लांब करून बसली आणि मी घण मारताना बघत राहिली. मामंजींची टिचकी आणि माझा टोला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "बोलता की तुम्ही दोघं." मामंजींना ऐकू गेलं असावं. त्यांनी हातोडा आडवा ठेवला आणि ते पाणी प्यायला उठले.

दुपारी मीठ-रॉकेल भरून लारी आली. भाईंनी पायदान अडकवलं. मायनं डावा पाय त्यावर ठेवला, तशीच थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता तुझी कूस उजवली की येते. तवर येणं बरं नाय. चुलतीच बोलायला लागती, लेकीच्या दारी का जाता म्हणून."

मी मान हलवली. ती चढली. भाईंनी पायदान काढून हौद्यात टाकलं.

पुढं ते पायदान खूप जणींच्या उपयोगी पडलं. लारी चालू असली की ते हौद्यात इकडून तिकडं आपटायचं, त्यामुळं छावणीच्या नाल्याकडूनच लारी येताना ऐकू यायची. भाई कधी सांगायचे की म्हातारी अड्ड्यावर येते, लेक कशी आहे विचारते. चला म्हटलं, पायदान लावतो म्हटलं, तर म्हणते आत्ता नको, मूल होऊ दे. मामंजी ऐकून घ्यायचे. नवरा दिवाळीला यायचा, मग दिवाळीलाही येईना. मामंजींनी एकदा जालन्याला जाऊन बघितलं. आल्यावर त्यांनी त्याबद्दल चाचीजवळही तोंड उघडलं नाही.

बाजाराच्या संध्याकाळी आम्ही दोघं काम करत असायचो. लांबून तो खडखडाट आला की मामंजी हातोडा ऐरणीवर आडवा ठेवायचे. मी घण खाली टेकवायची. लारी थांबायची, आकडे अडकल्याचा आवाज यायचा आणि आम्ही दोघं कोण उतरतंय ते बघायचो. एखादी पोटुशी बाई उतरायची. कडेवर पोर घेतलेली कुणी उतरायची. कधी एखादी म्हातारी उतरायची, आणि तिचे दोन्ही पाय वाकायचे. तोवर ऐरणीवरचं लोखंड गार झालेलं असायचं. मग मामंजी ते परत तापवायला घालायचे, मी भाता ओढायची, आणि तापलं की ते ऐरणीवर टिचकी मारायचे. एक.